भीतीची पाळी

कांचनला जाग आली. मळणी यंत्रात उजवा हात गेल्यापासून एवढी गाढ झोप तिला लागलीच नव्हती. डोळे मिटले की यंत्र घरघरत यायचं. म्हणून वॉर्डात घरच्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. एक पट्टा पेशंटच्या मनगटावर, दुसरा नातेवाइकाच्या. तिची भीती तेवढा वेळ दुसऱ्यानं सोसायची आणि तिनं झोपून घ्यायचं.

आज पाळी नणंदेची, सुलभाची होती. पण ती तर धुतलेला डबा पुसत दारातून येत होती.

"वन्सं, तुमचा पट्टा?"

"अगं, भिजेल म्हणून स्टुलावर काढून ठेवलाय. भांडी घासू का भीती सांभाळू? काढला की बंदच पडतो ना तो?"

स्टूल रिकामं होतं. तरी कांचनच्या छातीत धस्स झालं नाही. म्हणजे तिची भीती अजून कुणीतरी सोसत होतं.

"तनू कुठाय?" तिनं अगदी शांतपणे विचारलं.

सुलभाच्या हातातून डबा पडला.

चार वर्षांची तनू कॉटखाली होती. पट्टा तिनं बांगडीसारखा कोपरापर्यंत चढवला होता. ती रडत नव्हती, उजवा हात पोटाशी घट्ट धरून नुसती थरथरत होती.

कांचननं डाव्या मनगटावरचा पट्टा दातांनी ओढून काढला. कानांत घरघर भरली, अंगाला दरदरून घाम फुटला. तशीच खाली वाकून तिनं लेकीला कुशीत ओढलं.

"आई, ते मशीन अजून येतंय?"

"नाही गं सोन्या," कांचन म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ते माझ्याकडे आलंय आता."