मधला शब्द

खडूचा डाग. मायावरम पॅसेंजर. घरात तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

कुंभकोणमचे रघुनाथराव इंग्रजी शिकवताना बजावत, "दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर टेकवू नका. मध्ये जोडणारा शब्द हवा!" त्यांच्या घरात तो शब्द म्हणजे लेक सीतालक्ष्मी. आईबाबांचा अबोला, त्यामुळे सगळे निरोप तिच्याच तोंडी. आई म्हणे, "सीते, तेंला सांग गे, कॉफी निवते."

लग्न होऊन ती आडुतुरैला गेली, पण जीव थाऱ्यावर राहीना. आता बाबांना कॉफीचं कोण सांगणार? त्रेपन्नच्या दिवाळीला ती मायावरम पॅसेंजर पकडून धावतच माहेरी आली. बाहेर ओट्यावर आई बाबांना तमिळमध्ये, परक्याला विचारावं तसं विचारत होती, "सार, कॉफी देऊ का?"

"द्या, अम्मा." बाबाही तमिळमध्येच.



अबोल्याची शपथ दोघांनी मराठीत घेतली होती.