कबुतरांचं औषध

झुंबरबाईनं चुलीपुढं तीन बशा मांडल्या. एकीत कच्ची कलेजी, एकीत सुकट, एकीत डब्यातली मासळी. चिंधीचा मात्र पत्ता नव्हता. कोपऱ्यातल्या सुपात तिची पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून आईला हुडकत होती. डोळे नुकतेच उघडले होते त्यांचे.

"मांजराला तीन-तीन बशा," केरबा म्हणाला, "आन् नवरा हितं कवाधरनं बसलाय उपाशी."

"तुमाला कोण औषध घालणार हाय?" झुंबरबाई म्हणाली.

केरबा हसला नाही. सकाळी दाराची कडी लावायला तोच विसरला होता. दोन दिवस कोंडून ठेवलेली चिंधी तेवढ्यात निसटली होती.

परड्याच्या भिंतीपलीकडं जोतीरामची ढाबळ होती. कबुतरांवर त्याचा जीव. त्यातलं त्याचं लाडकं पांढरं कबुतर परवा चिंधीनं मारलं होतं. जोतीराम असा, की शिवी घातल्याशिवाय कुणाला रामराम करायचा नाही. गल्लीतली पोरं त्याचा आवाज ऐकूनच घरात पळायची. पण त्या दिवशी त्यानं भिंतीवरची पिसं एकेक करून वेचली, टॉवेलाच्या टोकात बांधली आणि झुंबरबाईकडं बघून म्हणाला, "मुकं जनावर हाय, वैनी. त्येला काय कळतंय."

एवढंच. तो ओरडला असता, तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, तर ती रात्री सुखानं झोपली असती.

आणि आज सकाळी तो नळावर भेटला. त्याच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदाची लहानशी पुडी होती.

"काय आणलंसा, भावजी?"

"औषध."

"कुणाला वं?"

"कबुतरास्नी. जंत झाल्यात."

आपल्याकडं दवाखान्यातून आणतात ते औषध, उंदराला घालतात तेही औषध, आणि जीव नकोसा झालेला माणूस पितो तेही औषधच. नुसत्या पुडीकडं बघून काय ओळखायचं? झुंबरबाईनं घागर अर्धीच भरली आणि घर गाठलं.

आता ती बशांसमोर बसून एकेकीकडं बघत होती. चिंधीचा जीव कलेजीत. पण ही कलेजी बाबालाल खाटकाच्या दुकानातली असली तरी घरी आली होती जोतीरामच्या हातून. "तुमच्या बाळंतिणीला, वैनी," म्हणून मघाशी त्यानं ती उंबऱ्यावर ठेवली होती. रोज संध्याकाळी तो बाबालालच्या बाकावर गप्पा मारत बसायचा, त्यात नवल नव्हतं. त्यानं दुसऱ्याच्या घरची वस्तू वाहून आणण्यात नवल होतं. झुंबरबाईनं ती बशी उचलली, परड्यात खड्डा काढला, कलेजी पुरली आणि वर दगड ठेवला.

"अगं, बाबालाल काय कुणाचं वाईट करंल व्हय?" केरबा म्हणाला.

"बाबालाल न्हाय करायचा."

मग सुकट. सुकट घरातलीच, पण काल ऊन द्यायला त्याच सामायिक भिंतीवर पसरली होती, आणि मध्ये ती नळावर जाऊन आली होती. तिनं बशीतली चिमूटभर सुकट तोंडात टाकली आणि चावत बसली. केरबा तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"येडी झालीस का काय? काय हुतंय का?"

"काय न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे की बशी."

"चिमटीभरात न्हाय म्हंजी सगळ्यात न्हाय व्हय?" असं म्हणून तिनं सुकट चुलीत टाकली. घरभर जळका वास सुटला.

राहिला डबा. पासष्टच्या लढाईनंतर तिचा भाऊ पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं मिलिटरीच्या कँटीनमधून आणलेला. पावण्यारावळ्यांना दाखवायला फळीवर ठेवला होता. आज तिनं तो विळीच्या टोकानं फोडला होता.

"कारखान्यातनं बंद हून आलाय," ती म्हणाली. "ह्यात कुणाचा हात जात न्हाय."

"आन् तिनं न्हाई खाल्लं तर?"

"खाईल. कोंडल्यापास्नं कशाला तोंड लावलं न्हाय तिनं. पिल्लं वडत्यात, भूक लागंलच की."

तेवढ्यात भिंतीवर धप्प झालं. चिंधी परड्यातून आत आली, शेपटी उभी. झुंबरबाईनं बशी पुढं सरकवली. चिंधीनं मासळी हुंगली, बशीच्या कडेची जमीन पंजानं दोनदा खरवडली, घाण झाकावी तशी, आणि सुपात जाऊन अंग टाकलं. पिल्लं तुटून पडली.

"बघ," केरबा म्हणाला. "मिलिटरीचं चालत न्हाय बाईसायबास्नी. दे हिकडं ती बशी."

झुंबरबाईनं बशी दिली नाही. ती सुपाशी सरकली. दोन दिवसांची उपाशी लेकुरवाळी, आणि पोट तट्ट फुगलेलं. चिंधी डोळे मिटून जिभेनं ओठ पुसत होती. तिच्या मिशांना काहीतरी पांढरं लागलं होतं. झुंबरबाईनं बोटावर घेऊन बघितलं. साय होती.

आज घरात दूध आलंच नव्हतं.

भिंतीपलीकडं कुणीतरी बादलीत हात बुडवून खसाखसा घासत होतं. बराच वेळ. मग जोतीरामचा आवाज आला. हळू, बायकोला सांगत होता.

"बने, त्या ताटलीला हात लावू नगंस. मी धुतो ती."

झुंबरबाईचं बोट तसंच वर राहिलं. सुपात पिल्लं चुटूचुटू पीत होती.