आवाज न येणारी खोली

"लावू का दार, बाबा?"

"लाव, लाव. पण जवळच उभा राहा हं. ऐकणारा लांब गेला की माझा सूर उतरतो."

मुलाने मान डोलावली. खोलीवाल्याने दाराला टेकवलेली वीट पायाने बाजूला सारली, "करवत थांबव रे जरा!" असं कारागिराला ओरडून सांगितलं आणि दार ओढून घेतलं. जाडजूड दार, पण मिटलं अलगद, पोथी मिटावी तसं.

तयार खोल्या विकणाऱ्या त्या माणसाच्या आवारात नमुन्याची ती एकच खोली उभी होती. लाकडाची, दुहेरी भिंतींची, मधे कापसासारखं काहीबाही ठासून भरलेली. तशीच एक आपल्या घरामागच्या बागेत उभी करायची की नाही, एवढंच आज ठरायचं होतं. म्हाताऱ्याला सांगितलं होतं, आत गाणं कसं घुमतं ते बघायचंय. तेवढ्यावर स्वारी सकाळपासून खुशीत होती. इस्त्रीचा सदरा अंगात चढवला होता. वाटेत विचारून झालं होतं, "कोणतं म्हणू? ऐकणाऱ्याची आवड विचारून गावं माणसानं. तुला थोपटताना म्हणायचो, ते म्हणू?"

"ते म्हणा," मुलगा म्हणाला होता, दुसरीकडे बघत.

घुमण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. बापाने जन्मभर शिलाईमशीन चालवलं आणि पायांच्या तालावर देवाची गाणी म्हटली. मशीन गेलं, ताल राहिला. आता दात नव्हते, सूर हलायचा, पण उठल्यापासून निजेपर्यंत गाणं चालूच. आणि मुलाचं काम घरातून, सगळं फोनवर. एकदा पलीकडून साहेबांनी हसत विचारलं, "मागे कोणी रडतंय का हो?" हा पटकन बोलून गेला, "शेजारचे आजोबा आहेत. डोकं जरा फिरलंय त्यांचं." पलीकडच्या खोलीतलं गाणं त्याच वेळी थांबलं होतं. ऐकलं असेल? नसेल? विचारायचं तरी कसं? त्या दिवसापासून तो बापाच्या ताटाकडे बघून बोलायचा, तोंडाकडे बघून नाही.

सुनेचं म्हणणं सरळ होतं. "बाबांना बागेतल्या खोलीत हलवायला करायचा तो खर्च करू. पण एवढं करून आवाज आलाच, तर बागही गेली आणि डोकेदुखीही राहिली."

आता नवरा-बायको दोघांनी भिंतीला कान लावले. देवाचं गाणं ऐकायला माणसं जिवाचा कान करतात. याने केला तो ऐकू येऊ नये म्हणून.

काही नाही. झाडावरचा एक कावळा तेवढा ऐकू आला.

"काय म्हणत होतो मी?" खोलीवाला खुलला. "आत नगारा बडवा, बाहेर मांजराची झोप मोडायची नाही."

सुनेच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मुलाने मात्र एकदा दाराकडे पाहिलं. जवळच उभा राहा, असं बाबा म्हणाले होते. पण खोलीवाला रंगांचे तुकडे दाखवायला छपराखाली घेऊन गेला, आणि तो गेला. मागे करवत पुन्हा सुरू झाली.

रंग ठरला. खिडकी ठरली. खोली बागेत कुठे, यावर गाडी अडली.

"कपडे वाळत घालायला जागा नको? आणखी मागे घ्या," सून म्हणाली.

"आणखी मागे घेतली तर शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल."

"जाऊ दे की. नाहीतरी तुम्ही त्यांना शेजारचेच आजोबा करून टाकलंय!"

तो हसला. मोठ्यांदा हसला. हसता हसता त्याचे कान तापले. ही गोष्ट आपण हिला एकदा गंमत म्हणून सांगितली होती, हे त्याला आठवलं.

"बरं, आजोबा कुठायत?" खोलीवाल्याने मापाची पट्टी उलगडता उलगडता विचारलं.

"गातायत आत," सून म्हणाली. "त्यांचं एक गाणं म्हणजे काय लवकर संपतं होय? दमले की येतील बाहेर."

खोलीवाल्याची पट्टी हातातच राहिली. त्याने पलीकडे पाहिलं. वीट अजून बाजूलाच पडली होती.

"येतील कसे? नमुन्याची खोली ती. आतली मूठ अजून बसवलीच नाहीये हो दाराला!"

तिघंही धावले. दार उघडलं.

म्हातारा दाराशीच उभा होता, चौकटीला धरून. इस्त्रीचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. दोन्ही तळहात लालभडक झाले होते. उजेडाने डोळे किलकिले करत त्याने आधी मुलाला शोधलं. सापडल्यावर हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलणं भाग होतं.

"बाबा, काय गोड म्हटलंत!" मुलगा म्हणाला. "आम्ही इथंच उभे होतो. ऐकतच राहिलो."

"हो ना," सून म्हणाली.

म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मान खाली घालून चुरगळलेला सदरा सारखा करू लागला, जसं काही चूक त्याच्याकडूनच झाली होती.

"गाणं कुठलं रे," तो हळूच म्हणाला. "सुरूच नाही झालं. घसा कोरडा पडला, म्हणून घोटभर पाण्यासाठी तुला हाक मारली. तेव्हापासून हाकाच मारतोय."