लायक माणूस

"नीट बांध. बोट आहे ते, गाठोडं नाही," आई खेकसली.

लेकीने आईच्या आदल्या दिवशी सुरीने कापलेल्या बोटावर पट्टीचा शेवटचा फेर घेतला आणि टोक दाबून बसवलं. "पाणी लागू देऊ नकोस. सैल पडेल."

"आणि तू हे इस्त्रीचे कपडे घालून कुठे निघालीस?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"मुहूर्त बरा सापडला! तिकडे भावाला सुळावर चढवतायत, आणि हिला दात आठवले."

दिवस होताच तसा. मुलाचा कामाचा परवाना संपत आला होता. तो वाढवून हवा तर कारखान्याने आधी मुलाच्याच जागेची जाहिरात द्यायची, असा इथला कायदा. इथला कुणी लायक माणूस आला तर जागा त्याची, आणि मुलाने महिन्याभरात देश सोडायचा. कुणीच आला नाही, तर परवाना. इतकी वर्षं पोराने यंत्रं पोटच्या लेकरांसारखी सांभाळली, आणि आज त्याच्याच खुर्चीचा लिलाव, तोही त्याच्या डोळ्यांदेखत! आईचं डोकं आठवडाभर उकळत होतं.

"आई, तू नको जाऊस तिथे," लेक म्हणाली. "तुझं काय काम?"

"माझं काय काम? तो माझा मुलगा आहे. तू बस दात कोरत."

लेकीने उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली. गप्प राहायची तिला सवय झाली होती. या देशात आधी ती आली, ती काम करायची त्याच कारखान्यात भावाला तिनेच चिकटवलं. मग आईचा खुबा मोडला. घरी कुणी बसायचं, हा प्रश्न आईने एका वाक्यात सोडवला. "तुझे कागद पक्के, तुला कोण हाकलतंय? त्याची नोकरी सुटली तर त्याला जावं लागेल." खुबा जुळला, आई तरातरा चालायला लागली. लेक घरीच राहिली. भाऊ संध्याकाळी यंत्राचे नकाशे पसरून बसला की भाजी निवडता निवडता त्याला चूक दाखवायची. आईला ते खपायचं नाही. "थकून आलाय तो. तुझ्या शिक्षणाचं घाल लोणचं."

कारखान्यात मुलाखतीच्या खोलीबाहेर एक बाक होता. आई त्यावर ठाण मांडून बसली. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, निदान कुणाशी बोलू नकोस." आणि कामावर गेला.

पहिला आला तो टकलू. हातात चामड्याची बॅग, चेहऱ्यावर आत्ताच जावई होऊन आल्यासारखा रुबाब. आईला इथल्या भाषेतले मोजकेच शब्द यायचे. तेवढे पुरले. तिने पट्टीचं बोट त्याच्या नाकासमोर नाचवलं, बंद दाराकडे मान झटकली आणि म्हणाली, "यंत्र. कचकन." मग उरलेली बोटंही एकेक करून मिटली.

टकलूने बॅग छातीशी धरली. पाणी पिऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही.

दुसरा चष्मेवाला. त्याच्यासाठी तिने वर डोळ्यांत पाणीही आणलं. बिचाऱ्याने तिला खिशातला रुमाल दिला आणि आल्या वाटेने पसार झाला.

"मोठे आले खुर्च्या बळकवायला," आई रुमालाची घडी घालत पुटपुटली. त्यानंतर बाकापाशी कुणी फिरकलं नाही. बऱ्याच दिवसांनी तिच्या जिवाला थोडं बरं वाटलं.

मग खोलीतून साहेब बाहेर आला. त्याने मुलाला बोलावून घेतलं. मुलगा काळ्या हातांनी तसाच आला. साहेब हळू आवाजात बोलला. मुलाचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतोय हा?"

"माणूस मिळाला, आई."

"कुठून? मी काय इथे माश्या मारत होते?"

"मागून आला. कामगारांच्या दाराने. सगळ्यांच्या आधी."

"ते दार परक्याला कसं ठाऊक?"

मुलाने साहेबाला काहीतरी विचारलं. साहेबाने खांदे उडवले, मुलाचा दंड थोपटला आणि पुन्हा बोलला.

"माणूस लायक आहे म्हणतात. कागद पक्के आहेत. शिकवायचीही गरज नाही, माझी सगळी यंत्रं तोंडपाठ आहेत म्हणे."

"म्हणजे फितूर! तुझ्या पंगतीला बसून तुझंच ताट ओढलं!" आई उठली. आवाज असा चढला, की यंत्रांवरची माणसं वळून बघायला लागली. "कुठे आहे तो? आत बसलाय? बोलव त्याला! माझ्या पोराच्या पोटावर पाय देतो? अरे, तुला जन्म देणारी कोण बाई आहे, ती तरी बघू दे मला! विचारते तिला, पोटच्या गोळ्याला हेच शिकवलंस का गं? स्वतःच्या पोरावर अशी पाळी आली असती, तर कळलं असतं तुला!"

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

"का पुरे? त्या माउलीला ऐकू जाऊ दे!"

दार उघडलं. नवा इंजिनिअर बाहेर आला. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. मुलाने मान खाली घातली. साहेब हसून बाजूला झाला. आईचं बोट हवेत तसंच राहिलं.

"आण इकडे," लेक म्हणाली. "पट्टी सैल झालीय."