पुढची तारीख

विश्राम परब कोर्टातल्या मध्यस्थीच्या खोलीत एका जागी बसूच शकत नव्हते. खिडकीशी जायचे, परत यायचे, टेबलावरचा तडजोडीचा कागद पुन्हा वाचायचे. भरपाई चांगली होती. पण शेवटी एक ओळ होती : 'लशीमुळे इजा झाली, हे कंपनीला मान्य नाही.'

नऊ वर्षांपूर्वी शाळेत लस घेतल्यावर दहाव्या दिवशी त्यांच्या मुलीचे, रेवतीचे पाय लुळे पडले होते. लशीमुळेच, असं एकही डॉक्टर छातीठोकपणे लिहून देत नव्हता. लशीमुळे नाहीच, असंही कुणी म्हणत नव्हतं.

"शाळेच्या संमतीच्या फॉर्मवर सही मी केली होती," ते वकीलबाईंना म्हणाले. "दोष कंपनीचा नाही, तर मग कुणाचा? आपण निकालच घेऊ."

"काका, आणखी पाच-सहा वर्षं जातील."

"जाऊ देत."

"कुणाची?" चाकाच्या खुर्चीतून रेवतीनं विचारलं. "दर तारखेला माझे पाय कसे गेले, तेच ऐकायचं. मला पुण्याला शिकायला जायचंय, बाबा. त्या सहीवरून मी तुम्हाला कधी एका शब्दानं बोलले?"

"नाही."

"मग तुम्हीही सोडा ना आता."

अठरा पूर्ण झाल्यापासून दावा तिच्याच नावावर होता. तिनं कागद ओढून सही केली.

बाहेर ती मैत्रिणीला फोनवर होस्टेलबद्दल विचारू लागली. परब सवयीनं कारकुनाच्या खिडकीशी गेले, पुढची तारीख विचारायला.

"मिटली की केस तुमची," कारकून म्हणाला.

"हो," परब म्हणाले. पण खिडकीपासून हलले नाहीत.