सहा बटणं

उद्यापासून शाळा, आणि गणवेशाच्या शर्टाला सहा बटणं! लेकीचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. आजवर आईच बटणं लावून द्यायची. शाळेत कोण लावणार, हीच आईला धास्ती.

शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं. म्हणून तिनं दार लोटून नवऱ्याचा तसाच सहा बटणांचा शर्ट चढवला, डावा हात पाठीमागे धरला. अर्धा तास झाला तरी एक बटण काजात जाईना. डोळ्यांना धार लागली. "कसं निभावणार गं माझं पोर!"

"थांब, आजोबांची रोज मीच लावते," म्हणत लेक दार ढकलून आत आली, पुढ्यात बसली आणि एका हातानं सहाही बटणं लावून मोकळी झाली.

 

"रडू नकोस गं आई. तुला दोन हातांची सवय आहे ना, म्हणून जमत नाही."