पालथी पानं

"या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, दादा," किशोरीने तिघांपुढे सारख्याच चिप्स मांडल्या. "बाजारात यांचं काही येणार नाही. पण पोकरच्या स्पर्धेत हाच तुमचा जीव. संपल्या की खुर्ची सोडायची."

सत्यवानाने एक लाल चिप बोटांत फिरवली. "म्हणजे शेवटपर्यंत तग धरूचो."

निवतीतल्या त्याच्या घराच्या पडवीत वारा घुमत होता. भर दुपारी आभाळ काळवंडलं होतं. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. त्याची बायको नम्रता पानांऐवजी नवऱ्याकडेच बघत होती.

किशोरी समजावत गेली. प्रत्येकाला दोन पालथी पानं. मधे पाच उघडी, ती सगळ्यांची. त्यांतून पाच पानांचा चांगला हात जुळवायचा. दर डावात दोघांनी पानं बघण्याआधीच ठरावीक चिप्स टाकायच्या, त्याला ब्लाइंड म्हणतात. कुणी पैज लावली की तेवढीच लावा, वाढवा, नाहीतर पानं टाकून द्या. ब्लाइंड वाढतच जातात, त्यामुळे नुसता गप्प बसणाराही हळूहळू संपतो.

"आणि पानां वायट इली तर?" नम्रताने विचारलं.

"चांगली आहेत असं भासवायचं, वहिनी. याला ब्लफ म्हणतात. समोरचा घाबरला की डाव आपला."

गेल्या वर्षी इथल्याच खडपावरून, किनाऱ्याच्या कातळावरून, किशोरीचा नवरा अजय समुद्रात पडला. त्याच्यासोबत असलेला तिचा भाऊ सिद्धेश मदतीसाठी ओरडत वाडीपर्यंत धावला होता. खूप शोधाशोध झाली. प्रेत मिळालं नाही. सत्यवानाची होडी तेव्हा खडपाजवळ दिसली होती, असं एक मच्छीमार बोलून गेला. सत्यवानाने मात्र पोलिसांना सांगितलं, मी त्या बाजूला गेलोच नाही. तेव्हापासून किशोरीची झोप उडाली होती. परवा ती भाड्याने खोली मागायला आली, तेव्हाही तो "जागा नाय" म्हणाला होता. नम्रतालाच दया आली, तिने कुलूप उघडलं.

खेळ रंगला. सत्यवान परक्या बाईच्या नजरेला नजर देत नसे; बोलायचा तेही चिप्सकडे बघून. पण दोनदा त्याने पैज वाढवताना थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही वेळा किशोरीने पानं टाकली आणि हसून म्हणाली, "आता दाखवा तरी!" दोन्ही वेळा त्याच्या हातात काहीच नव्हतं.

नम्रता बाद झाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या डावात सत्यवानाने मान खाली घालूनच सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. "ऑल-इन."

किशोरीने आपली पानं उचललीच नाहीत. "त्याआधी एक विचारू, दादा?"

"इचारा."

"अजय बुडला ना?"

आत भांडं पडलं. सत्यवानाने मान वर केली. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर येऊन थांबली, तिथून हलली नाही.

"बुडलो, बाय. मिया तेका बघूक नाय, पण त्या पाण्यातसून कोण वाचना नाय."

 किशोरी पानं पालथीच ठेवून उठली. "तुम्हीच जिंकलात."

"चाय घेवन जावा," नम्रता दारातून म्हणाली. किशोरीने ऐकलं नाही. ती वाळूत उतरली, माडांपलीकडे गेली. तिथून तिने फोन लावला. कुडाळात थांबलेल्या सिद्धेशने लगेच उचलला.

"निघ तिथून," ती म्हणाली. "अजय जिवंत आहे. कुठे आहे, ते या माणसाला ठाऊक आहे."

तिने मागे वळून पडवीकडे पाहिलं.

"तुझा धक्का कमी पडला, सिद्धेश."